मोबाइल काढून घेतला, मग पुढे?

भरतीची निवड यादी बहुतेक वेळा संध्याकाळ उलटल्यावर येते. आधी टेलिग्रामवर पीडीएफ पडते आणि पाच-दहा मिनिटांत व्हॉट्सॲपच्या स्टेटसला गुलाल दिसू लागतो. छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुरा, टीव्ही सेंटर, उस्मानपुरा या भागांतल्या अभ्यासिकांमध्ये प्लायवूडच्या आडोशात वर्षानुवर्षे बसणाऱ्या मुलामुलींना ही रात्र चांगली ठाऊक असते. यादीत नाव आलेल्याचा फेट्यातला फोटो, त्याखाली ‘अभिनंदन साहेब’च्या ओळी, गावच्या वेशीवर लागलेला फलक, डीजेसमोरची मिरवणूक. ज्याचे नाव आले नाही तोही हे सगळे बघतो. त्यालाही हात जोडल्याचे चिन्ह पाठवावे लागते, कारण स्टेटस कोणी बघितले याची यादी समोरच्याला दिसते आणि बघूनही गप्प राहिलेला माणूस जळका ठरतो. मग तो स्वतःचा डीपी काढून टाकतो, ‘लास्ट सीन’ बंद करतो आणि चार-आठ दिवस घरचाही फोन उचलत नाही. शेजारच्या खुर्चीवरची मुले कोऱ्या डीपीवरून ओळखतात, याचे गेले.

समाजमाध्यमांचा तरुणांच्या मनावर काय परिणाम होतो, यावर आपल्याकडे जे लिहिले-बोलले जाते त्यातले बरेचसे अमेरिकेतून उचललेले असते. तिथल्या मुलींना मॉडेलसारखे सडपातळ दिसायचे असते, इतरांच्या सहलींचे फोटो बघून मुलांना आपले आयुष्य रटाळ वाटते, वगैरे. हे इथेही घडते. सिडकोतल्या कॅनॉट परिसरात संध्याकाळी तासभर उभे राहा, एका फोटोसाठी मान किती वेळा तिरकी होते ते दिसेल. पण छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरात खरी तुलना चालते ती आपल्याच गल्लीतल्या, वर्गातल्या, पाहुण्यारावळ्यांतल्या माणसाशी. नटीसारखे दिसता आले नाही तर मुलगी एकवेळ हसून सोडून देईल. मामाच्या मुलाला नोकरी लागली आणि आपल्याला नाही, हे हसण्यावारी नेता येत नाही. दिवाळीत त्याच्या शेजारी जेवायला बसायचे असते.

म्हणून आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. नोकरीची, लग्नाची, जातीची ओढाताण मराठवाड्यात मोबाइलने आणलेली नाही. ती होतीच. मोबाइलने इतकेच केले की तिला रात्रीची सुट्टी राहिली नाही. पूर्वी गावातले टोमणे दाराबाहेर राहत, भावकीतली बढाई लग्नसराईपुरती असे. आता ते सगळे कॉट बेसिसवर घेतलेल्या खोलीत, उशाशी, रात्री दोन वाजताही हजर असते.

ओढाताण किती मोठी आहे, हे भरतीच्या आकड्यांवरून दिसते. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागा होत्या, अर्ज दहा लाखांहून अधिक आले. २०२४ च्या पोलीस भरतीत १७ हजारांहून थोड्या अधिक जागांसाठी १७ लाखांहून अधिक अर्ज होते. म्हणजे एका गुलालामागे कुठे शंभर, कुठे दोनशेहून अधिक उमेदवार. समाजमाध्यमांवर मात्र मिरवणूक एकाचीच निघते, उरलेल्यांची कोणी काढत नाही. रोज तेच बघणाऱ्या एकविशीतल्या मुलाला वाटते की सगळ्यांचे झाले, आपणच तेवढे राहिलो. त्यात अकादम्यांच्या जाहिराती, ‘पत्र्याच्या खोलीतून क्लास वन’ असल्या रील, जोशपूर्ण संगीत. यशाची गोष्ट प्रेरणा देते हे खरे. पण दिवसातून चाळीस वेळा ऐकवलेली प्रेरणा शेवटी फिर्यादीसारखी वाटू लागते. तो करू शकला, मग तुला काय झाले?

इथवर आपण कसे पोहोचलो, हे थोडक्यात पाहू. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले आणि डेटा स्वस्त झाला. २०२० च्या टाळेबंदीत शाळाच फोनमध्ये गेली. ज्या घरांत ‘बारावीनंतर बघू’ असा नियम होता तिथेही हप्त्यावर स्मार्टफोन आला. त्याच वर्षी २९ जूनला केंद्र सरकारने टिकटॉकवर बंदी घातली आणि आठ-दहा दिवसांत इन्स्टाग्रामने भारतात रील सुरू केले. टिकटॉकवर शेताच्या बांधावरून व्हिडिओ टाकणारी पोरे तिकडे सरकली. त्या वर्षी नववी-दहावीत असलेली मुले आज पदवी संपवून अभ्यासिकेत किंवा वाळूजच्या कंपनीत कंत्राटावर आहेत. ज्या शहरात नळाला आठ-आठ, दहा-दहा दिवस पाणी येत नाही, तिथे दीड-दोन जीबी डेटा मात्र रोज न चुकता येतो आणि रात्री बाराच्या आत संपवावा लागतो, नाहीतर वाया जातो. महापालिकेला जमले नाही ते मोबाइल कंपन्यांनी करून दाखवले, असे म्हणायला हरकत नाही.

‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर २०२४’ अहवालात ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या मुलांची याविषयीची माहिती आहे. त्यांपैकी ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. वापरता येणाऱ्यांपैकी ५७ टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासाच्या कामासाठी वापरला होता, तर ७६ टक्के मुलांनी समाजमाध्यमांसाठी. याच मुलांपैकी खाते ‘प्रायव्हेट’ कसे करायचे हे माहीत असलेली मुले ५५ टक्क्यांच्या आसपास होती. उरलेल्यांच्या खात्याची दारे सताड उघडी आहेत आणि कडी कुठे असते हे त्यांना कोणी दाखवलेले नाही.

आता यंत्र काय करते ते पाहू, कारण ‘मुलांना व्यसन लागले’ या वाक्यात यंत्र बनवणारा नामानिराळा राहतो. रील बघताना आपण लाइक करतो की नाही, एवढ्यावर ते यंत्र विसंबत नाही. कोणत्या व्हिडिओवर बोट थबकले, किती सेकंद, पुन्हा बघितला का, कोणाला पाठवला, हे सगळे ते टिपते. एखाद्या रात्री मुलीने मैत्रिणीशी बिनसल्यामुळे दोन उदास रील शेवटपर्यंत बघितले, की तिसराही उदास येतो, चौथाही. यंत्राला तिच्याविषयी राग नाही की माया नाही. ती थांबली एवढेच त्याला कळते. थांबणे म्हणजे आवड, असा त्याचा हिशेब. वास्तविक माणूस भीतीनेही थांबतो, मत्सरानेही थांबतो. पूर्वी पान संपायचे, आता संपत नाही. एझा रॅस्किन या रचनाकाराने २००६ मध्ये ही न संपणाऱ्या पानाची कल्पना आणली आणि पुढे त्यानेच तिच्याबद्दल जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला. कंपनीच्या आत हे सगळे माहीत नव्हते असेही नाही. फ्रान्सिस हॉगेन या फेसबुकच्या माजी कर्मचारी महिलेने बाहेर आणलेली अंतर्गत कागदपत्रे सप्टेंबर २०२१ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने छापली. किशोरवयीन मुलींपैकी दर तिघींत एकीचा शरीराविषयीचा न्यूनगंड इन्स्टाग्राममुळे वाढतो, असा निष्कर्ष कंपनीच्याच संशोधकांनी काढलेला होता.

मग समाजमाध्यमांना दोषी ठरवून मोकळे व्हावे का? इथे थोडे सावकाश घेतले पाहिजे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जोनाथन हाइट यांचे २०२४ मधले पुस्तक ‘द अँक्शस जनरेशन’ जगभर गाजले. आपल्या केंद्र सरकारच्या २०२४-२५ च्या आर्थिक पाहणी अहवालानेही त्याची दखल घेतली. २०१० नंतर मुलांचे बालपण मैदानातून फोनमध्ये गेले आणि तेव्हापासून त्यांची चिंता, नैराश्य वाढत गेले, असे ते सांगतात. दुसरीकडे ॲमी ऑर्बेन आणि अँड्र्यू शिबिल्स्की या संशोधकांनी २०१९ मध्ये लाखो किशोरांच्या माहितीवरून दाखवले, की मुलांच्या मनःस्वास्थ्यातल्या फरकापैकी जेमतेम ०.४ टक्के फरकाचा संबंध डिजिटल तंत्रज्ञानाच्या वापराशी लागतो. सरासरी काढली की परिणाम असा बारीक होतो. पण सरासरीत ज्याला काही झाले नाही तोही असतो आणि जो कोलमडला तोही. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने ४४ देश-प्रदेशांतल्या ११, १३ आणि १५ वर्षांच्या मुलांची पाहणी २०२४ मध्ये प्रसिद्ध केली. तीत समाजमाध्यमांचा वापर हाताबाहेर गेलेल्या मुलांचे प्रमाण ११ टक्के आढळले, २०१८ मध्ये ते ७ टक्के होते. मुलींमध्ये ते १३ टक्के, मुलांमध्ये ९. म्हणजे दहातल्या नऊ मुलांचे बरे चालले आहे आणि दहाव्याला मदत हवी आहे. साठ मुलांच्या वर्गात अशी सहा-सात मुले झाली. वर्गशिक्षकाला ती कोण हे ओळखता येते का, हा खरा प्रश्न.

आत्महत्यांच्या आकड्यांबाबतही असाच संयम हवा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी जीवन संपवले. महाराष्ट्रातले त्यांपैकी १,७६४, इतर कोणत्याही राज्यापेक्षा अधिक. एखादी दुर्दैवी घटना घडली की दुसऱ्या दिवशी ‘मोबाइल दिला नाही म्हणून’ असा मथळा येतो. असा मथळा वाचकाला पटकन पटतो, घरातल्या बाकीच्या गोष्टी मात्र त्याआड राहतात. इतक्या टोकाच्या निर्णयामागे एकच कारण जवळजवळ कधीच नसते. तसे लिहिणे मागे राहिलेल्या आईवडिलांवर अन्याय करते आणि त्याच मनःस्थितीतल्या दुसऱ्या मुलाला चुकीचा रस्ता दाखवते. वृत्तपत्रे म्हणून आपण हे शिकायला फार वेळ लावला.

मुलींच्या बाबतीत या शहरात जे घडते ते वेगळे सांगावे लागेल. महाविद्यालयांच्या नावाने इन्स्टाग्रामवर ‘कन्फेशन’ पाने चालतात. महाविद्यालयाचा त्यांच्याशी संबंध नसतो. चालवणारा कोण, हेही कळत नाही. कोणीतरी निनावी मजकूर पाठवतो, पानवाला तो टाकतो: अमुक वर्षाची, अमुक रंगाची स्कूटी, अमुक विद्यार्थ्यासोबत दिसली. नाव नसते, पण ओळखायला लागते तेवढे सगळे असते. संध्याकाळपर्यंत वर्गातल्या साऱ्यांना कळते. मुलीपुढे मग दोन वाटा असतात. घरी सांगावे तर आधी फोन जातो, मग कॉलेज जाते आणि गावाकडे स्थळ बघायला सुरुवात होते. न सांगावे तर ती एकटी. मराठवाड्यात ही भीती काल्पनिक नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २० ते २४ वयाच्या ज्या स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झाले होते त्यांचे प्रमाण राज्यात सुमारे २२ टक्के होते. बीडमध्ये ते ४४ टक्क्यांच्या जवळ, परभणीत ४८. अशा प्रदेशात बहुतेक मुली न सांगण्याचीच वाट धरतात. ‘आमच्याकडे अशी तक्रार आलीच नाही’ असे प्राचार्य आणि पालक प्रामाणिकपणे सांगतात, ते यामुळेच. सायबर पोलिसांकडे जायचे तर वडिलांना सोबत न्यावे लागेल, या विचाराने तिथलीही पायरी चढली जात नाही.

मुलांचे दुखणे वेगळ्या वेषात येते. त्याला उदासी म्हणत नाहीत, ‘भाईगिरी’ म्हणतात. कोयता हातात धरून चित्रपटातल्या संवादावर ओठ हलवणारा सतरा-अठरा वर्षांचा मुलगा, मग त्याला पोलीस ठाण्यात नेल्यावर कान धरून माफी मागतानाचा दुसरा व्हिडिओ. दोन्हींना हजारो दर्शक. ठाण्यातल्या माफीचाही रील व्हावा, यात आपल्या यंत्रणेला काही खटकत नाही, याचे नवल वाटते. तो मुलगा कोयत्यापर्यंत का आला याची विचारपूस कोणत्याच व्हिडिओत नसते.

आणि जात, धर्म. मराठवाड्यातल्या तरुणाच्या मनःस्वास्थ्याविषयी लिहायचे आणि हे वगळायचे, असे करता येणार नाही. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात आक्षेपार्ह स्टेटसवरून दगडफेक, दंगल झाली. स्टेटस ठेवणाऱ्यांत अल्पवयीन मुलेही होती. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या सुरुवातीला आरक्षण आंदोलनाच्या काळात मराठवाड्यातल्या काही भागांत इंटरनेट बंद ठेवावे लागले. बीडमध्ये तर वातावरण असे की २०२५ मध्ये तिथल्या पोलीस अधीक्षकांनी पोलिसांच्या नावपट्टीवरून आडनावच काढून टाकले. वर्दीतल्या माणसालाही आडनावावरून जोखले जाते, म्हणून. मोठ्या माणसांच्या या भांडणात पंधरा-सोळा वर्षांची मुले स्टेटसच्या रांगेत उभी असतात. नेत्याचे स्टेटस ठेवले नाही तर आपल्यातले विचारतात, ‘काय रे, तू कुणाकडून?’ ठेवले तर बाकावर शेजारी बसणारा मित्र दुसऱ्या दिवशी जागा बदलतो. सातवीपासून एकत्र डबा खाल्लेली दोन मुले एका स्टेटसमुळे बोलेनाशी होतात आणि आपले काय हरवले हे दोघांनाही धड सांगता येत नाही. मानसोपचाराच्या प्रश्नावलीत या दुःखाला रकाना नाही, हाइट यांच्या पुस्तकातही नाही.

या पडद्यावर मरणही येते. जून २०२४ मध्ये खुलताबादजवळच्या सुलीभंजनच्या डोंगरावर चित्रीकरण चालू असताना गाडी मागे जाऊन दरीत कोसळली आणि एका तरुणीचा मृत्यू झाला. ती चित्रफीत काही तासांत देशभर फिरली. वाहिन्यांनी दाखवली, गटागटांत पाठवली गेली. तिच्या वयाच्या किती मुलामुलींनी ती त्या रात्री झोपण्यापूर्वी बघितली असेल? कोणाच्या तरी मरणाची शेवटची काही सेकंदे चहाच्या घोटाबरोबर पुढे सरकवण्याची सवय मनाला नेमके काय करते, याचे मोजमाप अजून कोणी केलेले नाही. पण पाठवणारे बहुतेक प्रौढ होते, हे आपल्याला आपापल्या कौटुंबिक गटांवरून माहीत आहे.

दुसरी बाजू मांडल्याखेरीज हे चित्र खोटे ठरेल. पुण्याला जाऊन क्लास लावण्याची ऐपत नसलेली सिल्लोडची मुलगी यूट्यूबवर फुकट राज्यघटना शिकते. सोयगावचा मुलगा इंग्रजी बोलायला शिकतो. ज्यांच्या आवाजाला गावच्या पारावर जागा नव्हती त्यांना इथे श्रोते मिळाले. आपल्यासारखाच एखादा आजार, आपल्यासारखेच वेगळेपण असलेला माणूस जगात आहे, हे अनेकांना पहिल्यांदा याच पडद्यावर कळले. अभ्यासिकेतल्या मुलाला तर पुस्तक, शिक्षक, निकाल, मित्र आणि मोह हे सगळे एकाच यंत्रात सांभाळायचे आहे. त्याला ‘फोन सोड’ म्हणणे म्हणजे दुकान चालव पण गल्ल्याला हात लावू नको, असे सांगण्यासारखे आहे.

तरीही सोडण्याचेच उपाय पुढे येतात. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये रोज संध्याकाळी सातला मंदिरावरून भोंगा वाजवायला सुरुवात केली. साडेआठपर्यंत टीव्ही, मोबाइल बंद. आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या जकेकूरवाडीतही असाच प्रयोग झाला. यवतमाळ जिल्ह्यातल्या बांशी ग्रामपंचायतीने त्याच वर्षी अठराखालच्या मुलांना मोबाइल वापरण्यास बंदी आणि दंड, असा ठराव केला. यांतला भोंग्याचा प्रयोग आम्हाला अधिक शहाणपणाचा वाटतो, कारण त्यात मोठ्यांचाही फोन बंद होतो. बापाने सोफ्यावर आडवे होऊन रील बघायचे आणि मुलाला ओरडायचे, हा प्रकार तिथे चालत नाही. शहराला मात्र एक भोंगा पुरणार नाही. गावात भोंग्यानंतर मुले ओट्यावर तरी येतात. गारखेड्यातल्या किंवा सातारा परिसरातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधून बाहेर येऊन त्यांनी जावे कुठे? लेआउटमधली मोकळी जागा कागदावर असते. प्रत्यक्षात तिथे गाड्या उभ्या असतात, नाहीतर मंगल कार्यालय.

देशांच्या पातळीवर ऑस्ट्रेलियाने सर्वांत पुढचे पाऊल टाकले. १० डिसेंबर २०२५ पासून तिथे सोळा वर्षांखालच्या मुलांना इन्स्टाग्राम, फेसबुक, टिकटॉक, स्नॅपचॅट, यूट्यूब अशा माध्यमांवर खाते ठेवता येत नाही. महत्त्वाचे हे की दंड मुलाला किंवा आईबापाला होत नाही, कंपनीला होतो आणि तो जवळपास पाच कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत जाऊ शकतो. आपल्याकडच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात अठराखालच्यांसाठी पालकांची पडताळलेली संमती आहे, मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवण्यास मनाई आहे. नियम मात्र नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य तरतुदी लागू व्हायला त्यानंतर आणखी दीड वर्ष दिले गेले. शिवाय ज्या घरात वडिलांचा फोन मुलगाच चालवतो, ओटीपीही तोच वाचून दाखवतो, तिथे पालकांची संमती म्हणजे काय हे दिल्लीत बसून ठरवणे कठीण. इन्स्टाग्रामने फेब्रुवारी २०२५ पासून भारतात किशोरांसाठी वेगळी खाती आणली, रात्री दहा ते सकाळी सात सूचना बंद ठेवण्याची सोय दिली. चांगले केले. पण वय खोटे टाकायला लागतात चार सेकंद.

तोपर्यंत घरी करण्यासारखे काय? एका गोष्टीवर दोन्ही बाजूंचे संशोधक बऱ्यापैकी सहमत आहेत: झोप. तेरा ते अठरा वयाच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोप आवश्यक असते. पडद्यामुळे थेट किती नुकसान होते यावर वाद घालता येतो. रात्री अडीचपर्यंत जागून सकाळी सातच्या क्लासला गेलेल्या मुलाची चिडचिड, विसरभोळेपणा, रडू येणे यावर वाद घालायचे कारण नाही. दिवसभरात मुलाने किती तास फोन बघितला याची झडती घेण्यापेक्षा रात्री फोन कोणत्या खोलीत चार्जिंगला लागतो, हे घराने ठरवावे. घरातल्या सगळ्यांचे फोन, आजोबांच्या सुविचारांसकट. गजरासाठी दीडशे-दोनशे रुपयांचे घड्याळ मिळते. आणि मुलगी काही सांगायला आली तर पहिल्या वाक्यात फोन काढून घेण्याची धमकी देऊ नये. ती धमकी एकदा दिली की पुढचे दहा प्रसंग तुम्हाला कळणार नाहीत.

जे घराच्या आवाक्याबाहेरचे आहे त्यासाठी माणसे लागतात आणि इथेच आपली खरी उणीव आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयातल्या सुमारे ७.३ टक्के मुलांना मानसिक विकार असल्याचे आढळले होते. उपचारांपर्यंत न पोहोचणाऱ्यांचे प्रमाण बहुतेक विकारांत सत्तर टक्क्यांच्या वर. तेव्हा रील नव्हते, दीड जीबीही नव्हता. शहरात घाटी रुग्णालयामध्ये मानसोपचार विभाग आहे, खासगी डॉक्टर आहेत, तरी ‘वेड्यांच्या डॉक्टरकडे’ नेल्याचे कोणाला कळेल या धास्तीने लोक आधी दर्ग्यात, देवस्थानात आणि नात्यातल्या हुशार माणसाकडे जाऊन येतात. केंद्राची ‘टेलिमानस’ ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक. चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येते, नाव सांगण्याची सक्ती नाही. लहान मुलांसाठी १०९८ आहे, फोटोवरून धमकावणे किंवा ऑनलाइन पैसे उकळणे असेल तर १९३०. हे तीन आकडे किती वर्गांच्या फळ्यावर, किती अभ्यासिकांच्या भिंतीवर लिहिलेले आहेत? तिथे टॉपरांचे फोटो असतात.

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकदेब साहा प्रकरणात विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी पंधरा मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शैक्षणिक संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यावे, असे त्यांत आहे. शिकवणी वर्गही यातून सुटलेले नाहीत. कायदा होईपर्यंत ही तत्त्वे बंधनकारक आहेत. देवगिरी, सरस्वती भुवन, मिलिंद, मौलाना आझाद, विवेकानंद यांसारखी जुनी महाविद्यालये, विद्यापीठाचे विभाग आणि वसतिगृहे, ‘नीट’-‘जेईई’च्या क्लासच्या इमारती, हे सगळे या आदेशाच्या कक्षेत येतात. मराठीच्या किंवा शारीरिक शिक्षणाच्या प्राध्यापकांकडे ‘समुपदेशन कक्षा’ची पाटी आणि एक रजिस्टर देऊन हे काम झाले असे दाखवण्याची कला आपल्याकडे पक्की आहे. ज्याला हजेरी कापण्याचा अधिकार आहे त्याच्यापुढे कोणता विद्यार्थी मन मोकळे करील? समुपदेशक शिकवणारा नसावा, त्याची खोली प्राचार्यांच्या दालनाला लागून नसावी आणि मुलीने तिथे सांगितलेली गोष्ट तिच्या संमतीवाचून घरी पोहोचू नये. जिवाला धोका असेल तेवढाच अपवाद. या तीन गोष्टी पाळल्या तर कन्फेशन पानावर बदनाम झालेल्या मुलीला जायला एक दार मिळेल.

महापालिका आणि जिल्हा प्रशासनाने शहरातल्या किती संस्थांनी अशी नेमणूक केली याची यादी जाहीर करावी, अभ्यासिकांना परवाना देताना हेल्पलाइनचा फलक सक्तीचा करावा. आणि पालकांना एक विनंती. येत्या जूनमध्ये प्रवेशासाठी रांगेत उभे राहाल तेव्हा फी किती, निकाल किती टक्के, बस कुठून सुटते हे तुम्ही विचारालच. त्याच खिडकीवर आणखी एक प्रश्न विचारा: तुमचा समुपदेशक कोण, तो कोणत्या खोलीत बसतो आणि कोणत्या वेळी भेटतो? उत्तर मिळाले नाही तर लेखी मागा.